बिसेनभाऊंकडचा पेशंट

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या इंद्रकुमार बिसेन यांच्या समोरच्या खोलीत यंदा एप्रिलमध्ये पाच दिवस एक पेशंट होता. त्याला भेटायला माणसं आली, केळी आली, नारळपाणी आलं, आमगावहून सख्खा साळा आला. आणि पेशंट कोण हे यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते बिसेनभाऊंना, त्यांच्या पत्नी सुशिलाबाईंना आणि पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीला, खुशीला. शेजारचे योगराज कटरे अर्धवट जाणून होते, आणि अर्धवट जाणणारा माणूस सल्ले सगळ्यात जास्त देतो.

झालं असं, की एका शुक्रवारी दुपारी दरेकशाकडच्या एका गावाहून रुख्मा नावाची बाई पॅसेंजरने गोंदियाला आली आणि विचारत विचारत बिसेनभाऊंच्या दारात उभी राहिली. बिसेनभाऊंचा फोटो स्टुडिओ मोबाईलने कधीच गिळला होता. घराच्या समोरच्या खोलीत एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पासपोर्ट फोटोपुरता पांढरा पडदा, एवढाच पसारा उरला होता. रुख्माने पदराची गाठ सोडली, प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली आणि काउंटरवर ठेवली. चिठ्ठीवर बिसेनभाऊंचं स्वतःचं अक्षर होतं. ‘बिसेन फोटो स्टुडिओ. कचारगड जत्रा. नंबर ११८.’

“फोटो घ्याले आली,” ती म्हणाली.

चिठ्ठी बारा वर्षांपूर्वीची होती. त्या वर्षी बिसेनभाऊंनी जत्रेत काश्मीरच्या बागेचा पडदा लावून जोडप्यांचे फोटो काढले होते, आणि पुढच्या वर्षी याच झाडाखाली फोटो मिळतील, असं सांगून चिठ्ठ्या दिल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांना तिरोड्याच्या एका बड्या लग्नाचं काम मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षी कंटाळा आला. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

“दोन वर्सं आमी त्या झाडाखाली तुमची वाट पायली,” रुख्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बिसेनभाऊंनी उत्तर दिलं असतं. त्यांना ते जमत होतं.

मग कळलं ते असं. नवरा मनिराम जंगलात कामाला जायचा, मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. आता पुढच्या शनिवारी घरी त्याला देवात मिळवायचा, म्हणजे घरच्या पूर्वजांत सामावून घ्यायचा, कार्यक्रम होता आणि घरात त्याचा धड फोटो नव्हता. आधार कार्डावर होता, पण त्यात तो चोरासारखा दिसत होता, असं ती म्हणाली. आणि तो चोर नव्हता, हेही तिने लगेच सांगून टाकलं.

बिसेनभाऊंनी छाती पुढे काढून सांगितलं, की आपण एकही फोटो आजवर पुसलेला नाही, सगळे जपून ठेवलेत, पुढच्या शुक्रवारी या आणि घेऊन जा. रुख्माने मान हलवली, चिठ्ठी पुन्हा पिशवीत घातली आणि ती चारच्या गाडीने परत गेली.

सगळे जपून ठेवलेत, हे खरं होतं. पंधरा-सोळा वर्षांचे फोटो एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये, डिस्क एका रुमालात आणि रुमाल कपाटात, असं ते जपणं होतं. संध्याकाळी त्यांनी ती कॉम्प्युटरला जोडली. डिस्क दोनदा खोकली, टक टक टक करत राहिली आणि आत काहीच नाही असं कॉम्प्युटरने सांगितलं.

शनिवारी सकाळी खुशीने पुण्यात बसून बापाचा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. तिने एक प्रोग्रॅम सुरू केला. तो म्हणे त्या मरायला टेकलेल्या डिस्कवरचा एकेक कण वाचून नव्या डिस्कवर उतरवणार होता. चार-पाच दिवस लागतील, ती म्हणाली. आणि ऑफिस सांभाळून तिला पाच दिवस त्याच्याकडे बघत बसता येणार नव्हतं, म्हणून तिने जोडीला एक एआय एजंट बसवला. त्याचं काम एकच, त्या चाललेल्या कामावर लक्ष ठेवायचं: चाललंय का, अडलंय का, तापलंय का, आणि दर तासाला मोबाईलवर कळवायचं.

योगराज कटरे रेल्वेत रुळावरच्या गँगचे मुकादम म्हणून रिटायर झाले होते. त्यांनी हे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे स्वतः काम नाही करत, करणाऱ्यावर नजर ठेवते?” बिसेनभाऊ हो म्हणाले. “मंग मुकादम म्हना ना सिधा.” तेव्हापासून त्याचं नाव मुकादम पडलं.

एकच बाब वादाची झाली. काही बिघडलं तर मुकादमाने आपणहून काम थांबवावं, असं खुशीचं म्हणणं होतं. बिसेनभाऊंना ते रुचलं नाही. माझ्या घरात, माझ्या मशीनवर, मला न विचारता कोणी काही बंद करायचं नाही, असं त्यांनी ठणकावलं. निरोप आपल्या एकट्याच्याच मोबाईलवर यावेत, हेही त्यांनी मंजूर करून घेतलं. वास्तविक त्या घरात मिक्सरसुद्धा त्यांना विचारून बंद होत नसे. म्हणूनच बहुधा ते अडून बसले.

पहिले दोन दिवस बरे गेले. दर तासाला मोबाईल वाजे. ‘काम सुरू आहे. ११ टक्के पूर्ण. वाचता न आलेल्या जागा ४१२. तापमान ४४.’ बिसेनभाऊ प्रत्येक निरोपाला ‘धन्यवाद, आभारी आहे’ असं लिहून पाठवत. एकदा त्यांनी ‘आपलं जेवण झालं का’ असंही विचारलं. मुकादमाने उत्तर दिलं, की तो जेवत नाही, पण काम सुरू आहे. उत्तरातला नम्रपणा बिसेनभाऊंना आवडला. चौतीस वर्षांच्या धंद्यात इतक्या अदबीने त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं.

सल्ले सुरू झाले. समोरच्या निर्मलाबाईंना एवढंच कळलं होतं, की बिसेनांचं काहीतरी मशीन बिघडलंय. त्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. गोंदियात तांदळाला तोटा नाही, त्यामुळे घड्याळापासून मोबाईलपर्यंत कोणत्याही बिघाडावरचा पहिला उपाय तांदूळच असतो. योगराजचं मत वेगळं होतं: माठाला गुंडाळतो तसं ओलं पोतं गुंडाळा. बिसेनभाऊंनी सुवर्णमध्य काढला आणि डिस्कसमोर कूलर लावला. खुशीला व्हिडिओ कॉलवर तो कूलर दिसला, आणि ओल्या हवेत डिस्क ठेवणारा पहिला माणूस म्हणून तिने बापाचा असा काही उद्धार केला, की सुशिलाबाईंनी मधे पडून कूलर स्वयंपाकघरात ओढून नेला. मग टेबलफॅन आला.

सोमवारी वर्तमानपत्रात सूचना आली. मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस दुरुस्तीसाठी फुलचूर भागाची वीज सकाळी दहा ते चार बंद. घरातला इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकत असे.

बिसेनभाऊ अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने अर्ज वाचला. ‘घरातील एक यंत्र अखंड सुरू राहणे अत्यावश्यक आहे,’ एवढंच त्यात लिहिलं होतं. कारणाचा रकाना भरा, बाबू म्हणाला. रकान्यात काय काय चालतं, असं बिसेनभाऊंनी विचारलं. दवाखाना चालतो, पाण्याची टाकी चालते, घरात मशीनवर पेशंट असला तर चालतो.

“पेशंट है क्या घर में?”

बिसेनभाऊ खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. खोट्या दाखल्यांविरुद्ध त्यांचं एक पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं आणि त्याचं कात्रण त्यांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं. म्हणून ते म्हणाले, “हालत नाजूक आहे.” हे शंभर टक्के खरं होतं.

“उमर?”

“जुनं आहे बरंच.”

बाबूने मान हलवली आणि रकान्यात ‘वृद्ध रुग्ण’ असं लिहिलं. बिसेनभाऊंना ते उलटं, पण स्पष्ट दिसलं. चष्मा पुसायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला, आणि तोवर शिक्का पडला.

मंगळवारी दहाला सगळी गल्ली बंद झाली. पारा त्रेचाळीसवर. लाईनमनने मात्र शिडी लावून दुसऱ्या लाईनवरून बिसेनभाऊंच्या घरी तार जोडून दिली. अंगणात बसून पंखे हलवणारी माणसं एकाच घरातला पंखा फिरताना पाहत होती. कुरकुर सुरू होणार, तोच लाईनमनने साहेबांचा हुकूम असल्याचं आणि आत म्हातारा पेशंट मशीनवर असल्याचं सांगितलं. कुरकुर जागच्या जागी विरघळली, तिची जागा दयेने घेतली. ही अदलाबदल बिसेनभाऊंना फार जड गेली. कुरकुर परवडली असती.

पेशंट कोण, यावर गल्लीत विचार झाला. सुशिलाबाई सकाळी भाजी घेताना दिसल्या होत्या. बिसेनभाऊंची आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. म्हणजे गावाकडचं कोणीतरी जुनं माणूस आणलेलं दिसतं, असं ठरलं. निर्मलाबाई अर्धा डझन केळी घेऊन आल्या. पेशंट झोपलाय, डॉक्टरने भेटायला मनाई केलीये, असं बिसेनभाऊंनी सांगितलं. आणि एकदा सांगितल्यावर ते पुढच्या प्रत्येकाला सांगावं लागलं. सुशिलाबाई आत जाऊन म्हणाल्या, खरं सांगून टाका. ते म्हणाले, उद्या चार वाजले की सांगतो. आज सांगितलं तर तार काढतील, आणि ते कात्रण कोणत्या तोंडाने भिंतीवर ठेवू.

त्या दिवशी रात्रीपर्यंत काम ७९ टक्क्यांवर आलं.

बुधवारी दुपारी एक वाजता सुशिलाबाईंचे मोठे भाऊ उदाराम आमगावहून सपत्नीक आले. कोणा भाच्याने त्यांना फोन केला होता. बहिणीच्या घरात माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि आपल्याला तिसऱ्याकडून कळतं, या अपमानाने ते आधीच लाल झाले होते. ते बैठकीत बसले आणि न विचारताच रडले. त्यांना रडताना पाहून निर्मलाबाई रडल्या. योगराज दारात उभे होते. त्यांना हसू येत होतं, आणि ते लपवायला त्यांनी गमछा तोंडावर धरला, तेव्हा तेही रडताहेत असं सगळ्यांना वाटलं.

एवढ्यात बिसेनभाऊंच्या खिशातला मोबाईल वाजला. सगळ्यांनी माना वळवल्या. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. आता दर तासाला नाही, दर पाच मिनिटांनी वाजू लागला होता, पण ते बिसेनभाऊंच्या ध्यानात आलं नाही. आतल्या मशीनचा आवाज असावा, असं उदारामची बायको हळूच म्हणाली. उदाराम उठले, आता मी भेटणारच म्हणाले. बिसेनभाऊंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, मोबाईल आवाज बंद करून आतल्या कपाटात साड्यांखाली ठेवला आणि चहा टाकायला सांगितला. तो चहा, त्यावर पोहे, त्यावर उदारामच्या स्वतःच्या ऑपरेशनची हकीकत, असं करत साडेचार वाजले.

कपाटातून मोबाईल काढला तेव्हा त्यावर तीसच्या वर निरोप होते. बिसेनभाऊंनी ते उभ्या उभ्याच वाचले.

‘तापमान ५७ आहे. अर्धा तास थांबून डिस्क थंड होऊ द्यावी असे वाटते. थांबवू का?’ हा एक वाजून दहा मिनिटांचा होता.

‘तापमान ५९. टेबलफॅन सुरू आहे का, कृपया पाहावे.’

‘चाळीस मिनिटे काम पुढे सरकलेले नाही. सावकाश चालले आहे की अडकले आहे, हे मला इथून कळत नाही. थांबवू का?’

‘आपल्या परवानगीशिवाय थांबवण्याची मला मुभा नाही. कृपया उत्तर द्यावे.’

असे बरेच. शेवटचा तीन वाजून बावन्न मिनिटांचा होता. ‘डिस्क प्रतिसाद देत नाही. काम बंद पडले आहे. ८३ टक्के प्रत सुरक्षित आहे. उर्वरित वाचता येणार नाही असे दिसते. क्षमस्व.’

ते समोरच्या खोलीत गेले. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून फिरत होता. सकाळी केर काढताना त्यांनी स्वतःच तो सरकवला होता. डिस्कवर हात ठेवला तर चटका बसला. आवाज नव्हता. पाच दिवस घरात सारखं टक टक चाललेलं होतं. ते नाही म्हटल्यावर खोली एकदम मोठी वाटली.

मागून उदारामांनी दार ढकललं. त्यांच्या मागे निर्मलाबाई, त्यांच्या मागे आणखी दोघी. त्यांना एक टेबल दिसलं, टेबलावर रुमाल, रुमालावर साबणाच्या वडीएवढं काळं डबडं आणि त्यावर हात ठेवून उभे असलेले बिसेनभाऊ.

“कोण आहे इथं?” उदारामांनी विचारलं.

बिसेनभाऊंना सगळं सांगायचं होतं. जत्रा, चिठ्ठी, झाड, दोन वर्षं. पण तोंडातून एकच शब्द निघाला. “गेली,” ते म्हणाले, आणि साठीतला तो माणूस सगळ्यांसमोर ढसढसा रडला.

निर्मलाबाईंनी सवयीने पदर डोक्यावर घेतला. मग डबडं नीट पाहिलं आणि तो हळूच खाली घेतला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बिसेनभाऊंना रागवता आलं असतं. उदाराम गुपचूप पाचच्या बसने परत गेले. बाकीचे आपापल्या घरी. केळी मात्र कोणी परत नेली नाहीत. ती गुरुवारी काळी पडली.

खुशीने फोनवर बापाला एका शब्दाने बोल लावला नाही. जेवढी प्रत निघाली होती तेवढीतून तिने फोटो वेगळे काढले आणि नंबरावरून ११८ शोधून दिला. मिळाला, ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही स्वतः पाहा.”

शुक्रवारी रुख्मा आली. बिसेनभाऊंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. तिरोड्याचं लग्नही आणि कंटाळाही. तिने ऐकून घेतलं. मग त्यांनी फोटो उघडला.

वरून अर्धा फोटो झकास होता. काश्मीरची बाग, निळा डोंगर, आणि त्यापुढे उभी असलेली वीस-बावीस वर्षांची रुख्मा, केसात फूल, डोळे मोठे केलेले. तिचा उजवा हात खाली कोणाच्या तरी खांद्याकडे गेलेला. त्या हाताशेजारी थोडे काळे केस, तेल लावून बसवलेले. आणि त्याखाली, कपाळापासून, सगळं राखाडी. डिस्कवरून वाचता न आलेला भाग, कडेपर्यंत सपाट राखाडी.

नवरा खुर्चीवर आणि बायको मागे उभी, ही बिसेनभाऊंची पद्धत होती. पुरुषाला मान म्हणून ते त्याला बसवत. त्या दिवशी मनिरामला उभं राहू दिलं असतं तर त्याचा चेहरा वरच्या अर्ध्यात आला असता. हे त्यांना गुरुवारी रात्रीच कळलं होतं आणि ते झोपले नव्हते.

रुख्मा स्टूल पुढे ओढून स्क्रीनजवळ वाकली. “मी पोट्टीच होतो,” ती म्हणाली.

तो राखाडी भाग कापून फक्त तुमचा फोटो चांगला मोठा करून देतो, असं बिसेनभाऊ म्हणाले. तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

“नाइ,” ती म्हणाली. “कापू नोका. ते तेथीच बसून हायेत.”

मग तिने स्क्रीनवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. “भाऊ, तुमी त पायलं होतं त्याइले. फोटो काढताना समोरच होते. कसे दिसत होते, सांगा बरं.”

बिसेनभाऊंनी त्या जत्रेत तीन दिवसांत दोनेकशे जोडपी बसवली होती. त्यांना काहीच आठवत नव्हतं. पण आता नाही म्हणवेना. ते म्हणाले, ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून.

“दोनी नाइ,” रुख्मा म्हणाली. “एकच. दुसऱ्या हातात माह्या चपला होत्या. तेथीच जत्रेत घेऊन देल्या होत्या त्याइनं, नव्या. गर्दीत कोनी नेइन म्हनून खाली ठेवाले तयार नोयते. तुमी किती बोलले त्याइले.”

आणि बिसेनभाऊंना आठवलं. उन्हाची वेळ, मागे रांग, आणि खुर्चीवर बायकोच्या लाल चपला मांडीशी घट्ट धरून बसलेला एक काळासावळा, शांत माणूस. त्या खाली ठेव, फोटोत बरं दिसत नाही, असं ते त्याला तीनदा ओरडून म्हणाले होते. तिसऱ्यांदाही तो हलला नव्हता. नुसता त्यांच्याकडे पाहून हसला होता, आणि वैतागून त्यांनी तसंच बटन दाबलं होतं.

“हसत होते,” बिसेनभाऊ म्हणाले. “तुमच्या चपला हातात होत्या आणि हसत होते.”

“हो,” रुख्मा म्हणाली. “मंग तेच.”

त्यांनी फोटो होता तसा, राखाडी भागासकट, मोठा छापला. शाई वाळेपर्यंत ती दोन्ही हातांनी कडा धरून बसली, आणि मग चारच्या गाडीला निघाली.